ग्लारूसच्या रिंगणाबाहेरून

स्वित्झर्लंडला जाऊन बर्फाचा एकही डोंगर न चढता परत आले, म्हणून घरचे अजून हळहळतात. मला या खेपेला बघायची होती ती एक सभा. ग्लारूस हे तिथले एक लहानसे कँटन, म्हणजे आपल्या भाषेत राज्यच. लोकसंख्या चाळीस हजारांच्या थोडी वर. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथले मतदार गावातल्या एका मैदानात जमतात आणि कायदे, कराचा दर, न्यायाधीश हे सगळे हात वर करून ठरवतात. या सभेचे नाव लांड्सगेमाइंड. एके काळी अशा सभा बऱ्याच कँटनमध्ये भरत. आता कँटनच्या पातळीवर ग्लारूस आणि आपेन्झेल इनररोडन, अशा दोनच उरल्या आहेत.

मी सातारा जिल्ह्यात वकिली करते. ग्रामसभेचे ठराव, त्यांवरच्या हरकती, 'सभा झालीच नाही, सह्या नंतर घेतल्या' अशा तक्रारी यांत माझी बरीच वर्षे गेली. म्हणून जिथे सभा खरोखर भरते आणि तिचा शब्द खरोखर चालतो, ते ठिकाण एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. भाची झुरिकला नोकरी करते. दुभाषी, वाटाड्या आणि सोबत, तिन्ही कामे तिने केली.

शुक्रवार : बर्न

आधी देशाची संसद पाहावी म्हणून बर्नला गेलो. संसदभवनाची सहल मोफत असते, पण आधी नाव नोंदवावे लागते आणि पासपोर्ट बरोबर हवाच. अधिवेशन वर्षातून चार वेळा, साधारण तीन-तीन आठवड्यांचे. ते चालू असेल तर प्रेक्षक गॅलरीत बसता येते. आम्ही गेलो तेव्हा सभागृह रिकामे होते.

घुमटाखाली, ज्यांनी देशाचा पाया घातला असे मानतात त्या तीन शपथकर्त्यांचा भव्य पुतळा आहे. वर काचेत कँटनांची चिन्हे. दोन सभागृहे : एकात लोकसंख्येनुसार २०० सदस्य, दुसऱ्यात कँटनांचे ४६. मंत्रिमंडळात फक्त सात जण, तेही वेगवेगळ्या पक्षांचे. राष्ट्राध्यक्षपद त्या सातांत दरवर्षी फिरते. बहुतेक खासदार आपला मूळ धंदा सांभाळून हे काम करतात.

माहिती देणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत उतरवून घेतली. संसदेने कायदा केला की १०० दिवसांत ५०,००० सह्या गोळा करून कोणीही त्यावर जनमत मागू शकतो. ही सोय १८७४ पासूनची. आणि १८ महिन्यांत १,००,००० सह्या जमवल्या तर घटनेतच दुरुस्ती सुचवता येते, ही १८९१ पासूनची. त्या दुरुस्तीला नुसते लोकांचे बहुमत पुरत नाही, कँटनांचेही बहुमत लागते. त्यामुळे कायदा लिहितानाच खासदारांच्या मनात विचार असतो, की विरोधक सह्या गोळा करायला निघाले तर काय? मग विरोधकांना आधीच बोलावून घेतात.

बाहेर आलो तर चौकात ते प्रत्यक्षच दिसले. फरसबंदीतून पाण्याच्या २६ धारा उडतात, प्रत्येक कँटनची एक. मुले त्यातून पळत होती आणि शेजारी एक तरुण फळीवर कागद लावून सह्या मागत होता. माझ्याकडेही आला. मी नागरिक नाही म्हटल्यावर माफी मागून पुढे गेला, पण भाचीने विषय विचारला तेव्हा पुन्हा थांबला आणि दहा मिनिटे समजावत बसला. सही मिळणार नाही हे माहीत असूनही.

वकील म्हणून मला मात्र एक गोष्ट खटकली, आणि ती मी परत येईपर्यंत खटकतच राहिली. स्वित्झर्लंडच्या घटनेचे कलम १९० असे, की संसदेने केलेला कायदा न्यायालयाने लागू करायचाच. तो घटनेशी विसंगत आहे म्हणून लोझानचे सर्वोच्च न्यायालय तो रद्द करू शकत नाही. आपल्याकडे १९७३ च्या केशवानंद भारती निकालानंतर घटनेच्या मूळ चौकटीला संसदही हात लावू शकत नाही. तिथे शेवटचा शब्द लोकांचा. २००९ मध्ये ५७.५ टक्के मतांनी मशिदींचे नवे मिनार बांधायला घटनेतच बंदी घातली गेली. देशात मिनार होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्यांच्यावर बंदी घातली ते संख्येने इतके थोडे होते, की मतपेटीत त्यांना कधी जिंकताच आले नसते. अशा माणसाने दाद मागायची कुठे? माझ्या मते लोकशाहीत हा प्रश्न मतमोजणीइतकाच मोठा आहे, आणि बर्नमध्ये मला त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

शनिवार : ग्लारूस आणि एनेंडा

झुरिकहून ग्लारूस तासाभराच्या अंतरावर. तळ्याकाठाने गाडी जाते, मग दरी अरुंद होते आणि ग्लेर्निशचा कडा एकदम अंगावर येतो. खोली एका आजोबांच्या घरी घेतली होती. सभेच्या आदल्या रात्री हॉटेले भरलेली असतात, तेव्हा खोलीचे दोन-तीन महिने आधीच बघावे.

गाव आखीव, रस्ते काटकोनात. कारण १८६१ च्या मे महिन्यात फोन वाऱ्यात आग लागली आणि एका रात्रीत गावाचा मोठा भाग जळाला. फोन म्हणजे आल्प्सच्या दक्षिणेकडून उतरणारा कोरडा, गरम वारा. त्या दुपारी तो थोडासा सुटलाच. हवा इतकी स्वच्छ झाली की कड्यावरच्या बर्फाच्या भेगा मोजता याव्यात. आजोबा म्हणाले, "फोन आहे, म्हणजे उद्या पाऊस." तसेच झाले.

कँटनच्या झेंड्यावर संत फ्रिडोलिन आहे, हातात काठी घेतलेला प्रवासी. त्याची दंतकथा वकिलाला आवडावी अशी. उर्झो नावाच्या माणसाने मठाला जमीन दिली आणि तो वारला. भावाने दान नाकारले. तेव्हा फ्रिडोलिनने उर्झोला कबरीतून उठवले आणि साक्ष द्यायला न्यायालयात उभे केले.

पण त्याच गावाच्या न्यायाची दुसरी बाजू चालत पंधरा-वीस मिनिटांवर एनेंडाला आहे. तिथे जुन्या कापड छपाईच्या काळातली उंच लाकडी इमारत आहे, छापलेले कापड वाळत टांगायची. आता तिच्यात आना ग्योल्डीचे संग्रहालय आहे. (उघडण्याचे दिवस मोसमाप्रमाणे बदलतात, आधी पाहून जा.) आना मोलकरीण होती. ज्या घरात कामाला होती तो मालक डॉक्टर, शिवाय गावातल्या वजनदार चुडी घराण्यातला. त्याच्या मुलीच्या दुधात सुया सापडल्या, मग मुलीच्या तोंडातून सुया पडू लागल्या, आणि आळ आनावर आला. छळ करून कबुली घेतली. निकालपत्रात चेटूक हा शब्द टाळून विषप्रयोग म्हटले, आणि १३ जून १७८२ रोजी तलवारीने तिचा शिरच्छेद केला. मूल तर जिवंत होते. युरोपात चेटकीण म्हणून खटला चालवून मारलेल्या शेवटच्या बायकांत तिचे नाव घेतात. लेहमान नावाच्या पत्रकाराने खटल्याची कागदपत्रे बाहेर काढली म्हणून जगाला कळले. 'न्यायालयीन खून' हा शब्द जर्मनमध्ये याच खटल्यावर लिहिताना पहिल्यांदा वापरला गेला. कँटनच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले ते २००८ मध्ये.

काचेमागच्या कागदांपाशी मी बराच वेळ उभी होते. हस्ताक्षर सुंदर, समास काटेकोर, तारखा व्यवस्थित. प्रक्रिया सगळी पाळलेली. सभा तेव्हाही भरत होती, लोक तेव्हाही हात वर करत होते. तिला मात्र त्या सभेत बोलायचा अधिकार नव्हता. बाई, परगावची, आणि दुसऱ्याच्या घरी राबणारी.

संध्याकाळी आजोबांनी जेवायला त्सिगरह्योर्नली केले : मॅकरोनीत शाबत्सीगर नावाचे इथले हिरवट चीज, वर तळलेला कांदा, बाजूला सफरचंदाचा गोड गर. पहिल्या घासालाच मेथी आठवली. त्या चीजमध्ये घालतात ती निळ्या फुलांची वनस्पती मेथीच्याच कुळातली आहे. आणि हे चीज कसे करायचे, त्यावर छाप कसा मारायचा, हे १४६३ मध्ये याच लांड्सगेमाइंडने ठरवले. शाकाहारी माणसाने ग्लारूसमध्ये हे जरूर खावे. सभेच्या दिवशी सगळीकडे मिळणारा काल्बरवुर्स्ट हा सॉसेज मात्र वासराच्या मांसाचा असतो, आपल्याकडच्या पुष्कळांना चालणार नाही.

रात्री भाचीने सभेची पुस्तिका उघडली. तिला तिथे मेमोरियाल म्हणतात. प्रत्येक प्रस्ताव, त्यामागची कारणे, खर्च, विधिमंडळातला विरोध, सगळे छापून सभेच्या आधी मतदारांच्या घरी येते. कँटनच्या संकेतस्थळावरही असते, तेव्हा जाणाऱ्याने फोनवर भाषांतर करून वाचून जावे, नाहीतर सभेत काही कळत नाही. आजोबांच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा होत्या, दोन ठिकाणी प्रश्नचिन्हे, एका ठिकाणी मोठी फुली.

रविवार : सभा

सकाळी पाऊस, हवा बोचरी. रस्त्यावर जत्रेसारखी दुकाने मांडलेली. साडेनऊला नगरभवनापासून मिरवणूक निघते : बँड, सरकारचे पाच सदस्य, विधिमंडळ, न्यायाधीश, पाहुणे. झाउनप्लात्स या मैदानात दरवर्षी लाकडी पायऱ्यांचे मोठे गोल रिंगण उभारतात. आत मतदार. मध्यभागी व्यासपीठ, त्यावर लांडामन, म्हणजे सरकारचा प्रमुख, हातात तलवार घेऊन. व्यासपीठाच्या अगदी पायाशी शाळेची मुले बसतात. सगळ्यात चांगली जागा त्यांची.

पाहुण्यांना दोरीबाहेर उभे राहायचे असते. लवकर गेलात तर चांगले दिसते. रेनकोट घाला, छत्री उघडली की मागच्याला काही दिसत नाही.

सगळ्यांनी मिळून शपथ घेतली. हजारो माणसांच्या आवाजाने अंगावर काटा आला. मग न्यायाधीशांच्या निवडणुका झाल्या. नाव पुकारायचे, रंगीत मतदारपत्र धरलेले हात वर. ज्याच्यापुढे उद्या आपला खटला चालायचा, त्याला आज हात दाखवून निवडायचे, हे मला पटले नाही. काल एनेंडाला पाहिलेले कागद मनात होते.

नंतर कराचा दर. हा दरवर्षी सभेतच ठरतो. लांडामनने विषय मांडला आणि बोलायला मोकळीक दिली. एक शेतकरी दिसणारे गृहस्थ रांगेतून वाट काढत मध्ये गेले. "हॉखफरट्राउटे, लीबे मिटलांडल्यूट" अशी सुरुवात केली. माझ्या विश्वासाच्या प्रिय देशबांधवांनो, असे काहीसे. प्रत्येक वक्ता असेच सुरू करतो, कितीही रागावलेला असला तरी. त्यांना कर कमी हवा होता. त्यांच्यामागून जेमतेम विशीतली मुलगी आली, ओल्या केसांची, हातात घडी घातलेला कागद. तिने कागद उघडलाच नाही. दोन मिनिटांत आपले म्हणणे मांडले आणि आली तशी निघून गेली. टाळ्या नाहीत, शिट्या नाहीत. हजारो लोक पावसात उभे राहून ऐकत होते. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या मोठ्या सभेत इतके ऐकणे मी पाहिलेले नाही.

मग मतदान. हात वर झाले, खाली आले, दुसऱ्या बाजूचे वर झाले. मोजणी नाही. लांडामन व्यासपीठावरून नजर फिरवतो आणि सांगतो. फरक थोडा वाटला तर पुन्हा हात वर करायला लावतो, सरकारच्या इतर चौघांचा सल्ला घेतो, आणि मग त्याचा निर्णय अंतिम. फेरमोजणी मागता येत नाही. एकदा मला तरी दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या. त्याने पुन्हा विचारले, खाली वाकून सहकाऱ्यांशी बोलला आणि निकाल दिला. कोणी हूं की चूं केले नाही.

ही सभा नुसती परंपरा जपत नाही, हे सांगायलाच हवे. १८६४ मध्ये कापड गिरण्यांतल्या मजुरांनी याच मैदानावर हात वर करून प्रौढ कामगारांसाठीही दिवसाला १२ तासांची मर्यादा आणि रात्रपाळीला बंदी मिळवली. मालकही तिथेच उभे असणार. १९१६ मध्ये वृद्धांसाठी विमा आला, देशभर लागू व्हायच्या कितीतरी आधी. २००६ मध्ये सरकारने २५ गावांच्या पंचायती एकत्र करून १० करायचे सुचवले होते. एका नागरिकाने उठून तीनच करा म्हटले, आणि सभेने तीन केल्या. पुढच्या वर्षी मतदानाचे वय १६ वर आणले. हे सगळे आतून, बोलून झाले. भाषण करणाऱ्या साध्या माणसाला सरकारचा मसुदा तिथल्या तिथे बदलता येतो. हात वर करण्यापेक्षा मला हे मोठे वाटते.

दोरीपाशी माझ्या शेजारी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. मूळच्या पोर्तुगालच्या, तरुणपणी इथल्या कारखान्यात आल्या आणि राहिल्या. त्या रिंगणात कोणाला तरी शोधत होत्या. नातू सोळा वर्षांचा झालेला, पहिल्यांदाच आत गेला होता. "कर मीही भरते," त्या म्हणाल्या, "दरावर मत मात्र तो देणार." स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या दर चार माणसांत किमान एक जण असा परदेशी नागरिकत्वाचा आहे. नेउशाटेल आणि ज्युरा या दोनच कँटनमध्ये त्यांना कँटनच्या निवडणुकीत मत देता येते, ग्लारूसमध्ये नाही. बाईंनी मला विचारले, भारतात बायकांना मताचा हक्क कधी मिळाला? म्हटले, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, १९५१-५२, पुरुषांच्या बरोबरीने. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. ग्लारूसच्या बायकांना हा हक्क १९७१ मध्ये मिळाला. आपेन्झेलच्या पुरुषांनी १९९० च्या एप्रिलमध्येसुद्धा हात वर करून नकार दिला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार मोडून काढला. म्हणजे कँटनच्या बाबतीत तरी न्यायालयाला शेवटी मध्ये पडावेच लागले.

उघड मतदानाविषयी माझे मत पुढे बदलेल असे वाटत नाही. आपल्या गावांत कोणाचा हात कुठे वर गेला हे तीन पिढ्या लक्षात ठेवतात. सावकार, साखर कारखान्याचा संचालक किंवा भावकीतला मोठा माणूस समोर बसलेला असताना शेतमजूर बाई त्याच्याविरुद्ध हात वर करेल ही अपेक्षा धरणेच अन्याय आहे. गुप्त मतदान ही आपल्याकडच्या दुबळ्या माणसाची ढाल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी हक्कांच्या करारात गुप्त मतदानाची अट आहे आणि स्वित्झर्लंडने या सभांसाठी त्यातून सूट राखून ठेवली आहे. ती त्यांनी राखावी. पण आपण ग्लारूसकडून घ्यायचे असेल तर वर केलेला हात घेऊ नये, घरोघर येणारी पुस्तिका घ्यावी.

आपली ग्रामसभा महाराष्ट्र दिनी, म्हणजे बहुतेकदा याच आठवड्यात भरते. विषयपत्रिका फळ्यावर लागते, कधी लागतही नाही. गणसंख्या भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अटच नाही. मग चार माणसांत ठराव होतात आणि वर्षभराने माझ्याकडे कागद येतात. लोक येत नाहीत, ही तक्रार मी सरपंचांकडून नेहमी ऐकते. काय ठरणार आहे हे आधी माहीत नसेल, आणि बोलून काही बदलणार नसेल, तर लोकांनी यायचे कशाला?

सभा दुपारपर्यंत चालली. नंतर गावभर माणसे जेवायला बसली. काल्बरवुर्स्ट, कुस्करलेला बटाटा, शिजवलेल्या सुक्या आलुबुखाऱ्या. सकाळी कर कमी करायला उभे राहिलेले ते गृहस्थ दिसले, समोरच्या बाकावर ती मुलगी. दोघे वाद घालत होते, आणि त्यांनी मोहरीची बाटली एकमेकांकडे सरकवली. आम्ही ग्लार्नर पास्तेटे घेतले : खुसखुशीत पदर, अर्ध्या भागात बदाम, अर्ध्यात आलुबुखारा. हे अवश्य घ्या.

सोमवार : क्लोंताल आणि निरोप

सकाळी क्लोंतालच्या तळ्यावर जाऊन आलो. ग्लेर्निशचा कडा सरळ पाण्यात उतरतो. वसंतात पाणी खाली गेलेले असते, कारण तळ्याचे पाणी विजेसाठी वापरतात. बस मोसमानुसार असते, वेळापत्रक पाहून जा. क्लाउझेन घाट मेच्या सुरुवातीला बर्फाने बंद असतो, त्या बाजूने पुढे जायचा बेत करू नका.

परतल्यावर आजोबांबरोबर कॉफी झाली. ज्या विषयावर त्यांनी फुली मारली होती तो मंजूर झाला होता. आता काय, विचारले. म्हणाले, अर्ज लिहीन. ग्लारूसमध्ये एकटा मतदारसुद्धा सभेपुढे प्रस्ताव पाठवू शकतो. विधिमंडळातल्या ६० पैकी १० जणांनी तो विचारार्ह ठरवला की तो पुढे येतो.

मी त्यांना गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट सांगितली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या गोंडांच्या या गावात बहुमत चालत नाही, निर्णय सर्वसहमतीने होतो. एकजण जरी नाही म्हणाला तरी पुन्हा बसतात. आणि अशाच सभेच्या बळावर त्यांनी २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला.

आजोबांना ते लगेच पटले नाही. "आणि एखादा मुद्दाम अडून बसला तर?" त्यांनी विचारले. मी म्हटले, तो का अडला हे विचारायलाच सभा पुन्हा बसते. ते म्हणाले, आमच्याकडे वेळ नाही, गाई दुभायच्या असतात. त्यावर भाचीने त्यांना विचारले, मग काल रिंगणाबाहेर उभ्या असलेल्यांचे काय, त्यांनी नाही म्हणायचे कुठे? आजोबा म्हणाले, आम्ही सोळा वर्षांच्या पोरांना आत घेतले तेव्हाही लोक म्हणाले होते की हे काही खरे नाही. एक दिवस त्यांचाही विषय पुस्तिकेत येईल. "तुमच्या अर्जातच लिहा की," भाची म्हणाली. त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दोघांचे बोलणे गाडीची वेळ होईपर्यंत चालले होते.

जाणाऱ्यांसाठी एक शेवटचे : आपेन्झेलची सभा सहसा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी असते आणि ग्लारूसची त्यानंतरच्या रविवारी. आठवडाभर मुक्काम केला तर दोन्ही बघता येतात. आपेन्झेलला अजून काही पुरुष मतदारपत्राऐवजी घराण्याची तलवार घेऊन येतात. हवामान फार खराब असेल तर ग्लारूसची सभा पुढे ढकलतात, म्हणून परतीचे तिकीट त्याच रात्रीचे काढू नका.